शेवटच्या भागावर तिचं मत

माझ्या बायकोला जाऊन सहा आठवडे झाले होते. सोमवारची दुपार होती. मी मोरीत माझं ताट धूत होतो आणि नातीच्या बंद खोलीतून बायकोचा आवाज आला.

ताट हातातून निसटलं. मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. चाळीस वर्षं अफझलगंजात पुस्तकं बांधायचं काम केलं. मेलेल्या माणसांच्या घरची ओली, वाळवी लागलेली पुस्तकं पोत्यांनी यायची, ती उलगडून, झटकून शिवली. कधी भ्यालो नाही. त्या दुपारी मात्र भ्यालो. मोरीची कड धरून उभा राहिलो. आवाज थांबला. मग परत आला. तोच खोकला, वाक्याच्या शेवटी तेच ओढणं. शब्द कळत नव्हते, दार बंद होतं. पण पन्नास वर्षं जो आवाज ऐकला तो ओळखायला शब्द कशाला लागतात?

आमच्या नारायणगुड्याच्या घरात आता चार माणसं. मुलगा आणि सून सकाळी नऊला कामावर जातात ते संध्याकाळी सातला येतात. नात सतरा वर्षांची, इंटरची, म्हणजे बारावीची परीक्षा देऊन घरी. म्हणजे दुपारी घरात ती आणि मी. आधी आम्ही तिघं असायचो, आणि त्या दोघींची वेगळीच दुनिया होती. त्या दुनियेचं नाव कार्टून.

कार्टून म्हटलं की नात चिडते. "आबा, कार्टून नक्को म्हणू. ॲनिमेशन आहे ते." असेल. मला ते चितारलेलं दिसतं, मी कार्टून म्हणतो. कुठल्या तरी परदेशी भाषेतलं, खाली इंग्रजी अक्षरं पळायची. बायकोला ना ती भाषा येत होती ना ती अक्षरं. दर शनिवारी दुपारी नवा भाग यायचा, आणि नात तिला एकेक वाक्य मराठीत सांगायची. नातीचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, मध्ये एखादा तेलुगू शब्द. मराठी वाचायला दिलं तर बोट ठेवून वाचते, मी वाचतो तसंच. मी चौथीपर्यंत जामबागेच्या मराठी शाळेत होतो, तिला तेवढंही मिळालं नाही.

गोष्ट अशी होती. तळ्याकाठी एक गाव. तळ्याच्या तळाशी एक दार. ते उघडलं तर पाणी गावावर येणार, म्हणून दर पिढीला एक मुलगी खाली जाऊन दाराला पाठ लावून उभी राहायची, आणि हळूहळू दगड व्हायची. एका धाकटीची थोरली बहीण अशी खाली गेलेली. धाकटी तिला आणायला निघते. सोबत एक शिंगं असलेला नावाडी. एवढ्यावर तीन वर्षं काढली त्या लोकांनी.

बायको ते बघायला बसायची ती मुठीत अक्षता घेऊन. आमच्यात श्रावणात कहाणी ऐकताना हातात अक्षता धरायच्या आणि कहाणी संपली की देवापुढे वाहायच्या, अशी रीत आहे. पहिल्याच दिवशी नात म्हणाली, "आजी, स्टोरी ऐक," आणि ही उठून डब्यातून कुंकू लावलेले तांदूळ घेऊन आली. मी हसलो. "अगं, ते कार्टून आहे, देवाचं काय आहे त्यात?" तर म्हणाली, "पाण्याला पोरगी दिलीय, आणि तुम्ही म्हणता देवाचं नाही. गप बसा."

भाग संपला की नात फोन पुढे धरायची आणि विचारायची, "आजी, तुझं मत?" बायको तोंड दाखवायला तयार नव्हती, पुढचे दात पडलेले. म्हणून फोनमध्ये नुसती तिची मूठ दिसायची आणि आवाज यायचा. "त्या शिंगवाल्याला कुणी जेवायला घालतं का नाही? तीन भाग झाले, नुसता नाव वल्हवतोय मेला." नात खाली इंग्रजीत लिहून ते कुठंतरी टाकायची. मला वाटायचं दहावीस मैत्रिणी बघत असतील. पण मुठीवाली आजी म्हणून तिला कुठल्या कुठल्या देशांतले लोक ओळखत होते. हे मला ती गेल्यावर कळलं.

तर त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी ह्या कार्टूनचा शेवटचा भाग आला. नातीनं एकटीनं बघितला, दार लावून. संध्याकाळी बाहेर आली ती डोळे सुजलेले. जेवली नाही. रविवारी पण दोन घास खाऊन उठली. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, लक्ष देऊ नका. सगळ्या पोरांचं हेच चाललंय. माझ्या ऑफिसातला एक जण मुलीला घेऊन डॉक्टरकडं गेला. कार्टून आहे ते! कुणी मेलंय का?"

हे तो बोलून गेला. सगळ्यांनी ताटात बघितलं.

सोमवारी मी मोरीपासून नातीच्या दारापर्यंत गेलो, ती दहा पावलं. वाटेत दोनदा थांबलो. दार वाजवलं. आतला आवाज कापल्यासारखा बंद झाला.

"कोण बोलत होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही आबा."

"दार उघड."

उघडलं. केस न विंचरलेले, अंगावर शनिवारचाच कुडता. पलंगावर फोन. मी फोनकडं बोट केलं. "तुझी आजी होती ती."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, "बसा. तुम्हाला दाखवते. पण मम्मी-पप्पाला सांगू नका."

पहिल्यांदा तिनं लोक दाखवले. एक गोरा पोरगा, दाढी आलेला, कॅमेऱ्यापुढं हुंदके देऊन रडत होता. एक बाई चितारलेल्या धाकटीचं मोठं चित्र भिंतीवरून काढून फाडत होती. कुणी ज्यांनी कार्टून बनवलं त्यांना शिव्या देत होतं, कुणी त्यांचं घर शोधून काढू म्हणत होतं. कुणी स्वतःच नवा शेवट चितारून टाकला होता, त्यात दोघी बहिणी काठावर बसून मासे भाजतायत. आणि एका पोरीनं लिहिलं होतं, नातीनं वाचून दाखवलं, की आता शनिवारची वाट बघायची नाही तर पुढं काय बघायचं, मला आता काही नको.

"हे असं लिहिते ती? खरंच काही करून घेणार नाही ना?" मी विचारलं.

"माहीत नाही आबा. सगळे असंच लिहितात."

ती हे सपाट आवाजात बोलली. मी खोलीत बघितलं. पंखा. ओढणी खुर्चीवर. खिडकीला गज आहेत हे माहीत असून परत बघितले.

"असा काय शेवट केला त्यांनी?"

"धाकटी खाली पोचते. थोरली दाराला पाठ लावून उभी, मानेपर्यंत दगड झालेली. धाकटी हाक मारते. थोरली मान वळवायला लागते. बस. स्क्रीन काळी होते. तिनं ओळखलं का नाही, कायीच दाखवलं नाही."

मग तिनं मुठी दाखवल्या. एका खाली एक, बोट सरकवत गेली, संपेचनात. काळ्या, गोऱ्या, पिवळ्या, अंगठ्या घातलेल्या, नखं रंगवलेल्या, लहान लेकराच्या. सगळ्या मिटलेल्या. शेवटचा भाग बघताना माझ्या बायकोसारखे मुठीत तांदूळ धरून बसले होते लोक. आणि खाली सगळ्यांचा एकच सवाल. आजी काय म्हणाली? आजीचं मत कधी येणार? आजी कुठंय?

मी विचारलं, "त्यांना सांगितलं नाहीस?"

तिनं मान हलवली. नाही.

आजी गेल्यावर, शेवटच्या भागाच्या आधी, पाच भाग आले होते. पाचही वेळा तिनं जुन्या आवाजाचे तुकडे जोडून मत टाकलं. "मेल्याला अक्कल नाही" हे कुठल्याही भागाला चालतं. "बघू पुढं काय होतंय" हेही चालतं. परीक्षेचा अभ्यास करत रात्रंदिवस ती आजीला जिवंत ठेवत होती आणि आम्हाला वाटत होतं पोरगी सावरली. शेवटच्या भागाला मात्र जुनं काही चालेना. म्हणून तिनं आजीचे सगळे आवाज एका मशीनला दिले. फोनमध्येच असतं म्हणे ते. आपण अक्षरं टाइप करायची, ते त्या माणसाच्या आवाजात बोलतं.

"ऐका," म्हणाली आणि बोट दाबलं.

"मुलांनो," माझी बायको म्हणाली, "ह्या मालिकेचा शेवट अत्यंत हृदयस्पर्शी असून तो आपल्याला आशेचा संदेश देतो."

माझ्या आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही. आवाज तिचा. 'मुलांनो' म्हणताना घशात जी किंचित खरखर व्हायची तीसुद्धा. पण हृदयस्पर्शी! माझ्या बायकोनं जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता. तिच्या तोंडात दुसरीच कुणी बाई येऊन बसली होती, शिकलेली, गोड बोलणारी, भाषण करणारी.

"हे कुणी लिहिलं?"

"मशीननंच. मला प्रॉपर मराठी लिहायला येत नाही ना." तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "म्हणून तर तुम्ही पाहिजे आबा. तुम्हाला माहितेय आजी कशी बोलायची. तुम्ही सांगा, मी टाइप करते. एकच शेवटचं मत टाकायचं. मग बंद करते. आजीची कहाणी अर्धी राहिली, आबा. अर्धी कहाणी सोडून उठायचं नाही असं तीच म्हणायची."

मी तिथंच 'बंद कर' म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो. खरं ते लिहितो. मी म्हणालो, "तिला म्हणायला लाव, 'जेवून घ्या आता, थंड होतंय.'"

नातीनं माझ्याकडं बघितलं. टाइप केलं. दाबलं.

"जेवून घ्या आता, थंड होतंय."

मी पलंगावर बसलो. "परत लाव," म्हणालो. तिनं लावलं. मी म्हणालो परत. किती वेळा लावायला लावलं, आठवत नाही. सहा आठवडे मी दुपारचं मोरीत उभ्यानं जेवत होतो, कुणी थंड होतंय म्हणालं नव्हतं.

"अजून काय म्हणायला लावू आबा?" नातीनं हळूच विचारलं. तिच्या तोंडावर शनिवारपासून पहिल्यांदा जरा जीव आला होता. ती आणि मी आता एका बाजूला होतो.

आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते शोधलंही नाही, ते सहा आठवडे तिथंच होतं. 'तुमची चूक नाही.'

त्यासाठी ती गेली तो दिवस सांगायला पाहिजे. तोही शनिवारच. मुलगा आणि सून लग्नाला गेलेले. दुपारी भाग बघून बायको स्वयंपाकघरात आली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, जळजळतंय." मी म्हणालो, "गॅस आहे. सकाळी मिरचीची भजी कुणी खाल्ली?" कोपऱ्यावरून सोडा आणून दिला. प्यायली, आडवी झाली. मी पेपर चाळत बसलो, नात तिच्या खोलीत. दोन तासांनी तिचा रंग बदलला तेव्हा ऑटो आणायला धावलो. दवाखान्यात पोचलो तर आतून डॉक्टरीण आली आणि मान हलवली. एवढंच. त्या दोन तासांबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो. मुलाला सांगितलं, अचानक झालं.

आणि आता एक सतरा वर्षांची पोरगी बोट उचलून बसली होती, मी बोललो की बायको मला मोकळं करणार होती. तिच्याच आवाजात, खरखरीसकट. मी शब्द देणार, आणि मीच ते तिचे म्हणून ऐकणार.

माझा उस्ताद, ज्याच्याकडं मी काम शिकलो, तो एका गोष्टीत फार कडक होता. गिऱ्हाईक पुस्तक आणायचं, शेवटची पानं गेलेली. म्हणायचं, उस्ताद, काहीतरी करा. उस्ताद तेवढी कोरी पानं मोजून शिवायचा. मी नवा असताना एकदा एका पोथीच्या कोऱ्या पानावर, मला पाठ होतं म्हणून, दोन ओळी पेन्सिलीनं लिहिल्या. अक्षर बरं होतं माझं. त्यानं सगळी शिलाई उसवली, पान काढून माझ्यापुढं टाकलं. "मियां, अपना काम बांधना है. लिखना नक्को."

ते मला त्या वेळी आठवलं, आणि मी उठलो.

"पुसून टाक," म्हणालो.

"काय?"

"ते मशीन. त्यात तिचा आवाज भरलाय तो पुस. खरे आवाज राहू दे, ती जे स्वतः बोलली ते. हे नाही."

"आबा, प्लीज!"

"ती मेली," मी म्हणालो. घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. गेली, वारली, नाही राहिली, सगळं म्हणून झालं होतं. "तिनं शेवटचा भाग बघितला नाही. तिचं त्यावर मत नाही. जे नाही ते नाही."

"मग लोकांना मी काय सांगू? इतके लोक थांबलेत!"

"हेच सांग."

"मला नाही जमत! तुम्हाला सोपं आहे, तुम्ही सांगा!" ती ओरडली. फोन माझ्या अंगावर फेकला. मला वाटलं ही आता उठून बाहेर जाईल, गच्चीवर जाईल. मी दाराच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. म्हातारा माणूस, धक्का दिला असता तर पडलो असतो.

"सांगतो," म्हणालो. "धर तो."

तिनं फोन धरला. माझं तोंड नको म्हणालो, हात दिसू दे. डिंकानं आणि सुरीनं खराब झालेला हात आहे, पण असू दे. मी बोललो ते एवढंच: "मी त्या मुठीवाल्या आजीचा नवरा. ती मेली. सहा आठवडे झाले. माझ्या नातीनं तुम्हाला सांगितलं नाही कारण तिला ते म्हणवत नव्हतं. पाच भागांची मतं जुनी होती, जोडलेली. शेवटच्या भागावर आजीचं मत नाही. तुम्ही तांदूळ धरून बसला होता ते बघितलं. आता ठेवून द्या."

नातीनं खाली इंग्रजीत लिहिलं. टाकलं. मशीन पण माझ्यासमोर पुसलं. मी दोनदा विचारलं, खरंच गेलं का. म्हणाली, हौ आबा, गेलं.

मग आम्ही बसून राहिलो आणि फोन वाजायला लागला. टिण, टिण, थांबेचना. मला प्रत्येक आवाजाला दचकायला होत होतं. कुणीतरी माझ्या नातीला मारायला दाराशी आल्यासारखं.

तिनं वाचून दाखवलं. पुष्कळांनी नमस्काराचे हात पाठवले. कुणी विचारलं, तांदूळ कुठं ठेवायचे, नदीत की मातीत? कुणी म्हणालं, आता शिंगवाल्याच्या जेवणाची काळजी कोण करणार. हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच रडू. पण शिव्या पण आल्या. खोटारडी. मेलेल्या म्हातारीवर नाव कमावते. त्या शेवटानं आधीच लोक पेटलेले होते. कार्टूनवाल्यांपर्यंत हात पोचत नव्हता, माझी नात सापडली.

"बंद कर तो," मी म्हणालो.

तिनं ऐकलं नाही. वाचत राहिली, आणि एका ठिकाणी थांबली. तोंड कागदासारखं झालं. मी विचारलं काय आहे. तिनं मराठीत सांगितलं, हळू. "लिहिलंय, आजीला तूच मारलं असशील. व्हिडिओसाठी."

"हरामखोर," मी म्हणालो. "कोण आहे तो? कुठला आहे?"

"आबा, खरंय ते."

मी तिच्या हातातला फोन पालथा केला.

"त्या दिवशी भाग सुरू होता. आजी म्हणाली, छातीत काहीतरी होतंय गं, उठते जरा. मी म्हणाले, आजी, पंधरा मिनिटं थांब, एवढं होऊ दे, मग मत दे आणि उठ." ती माझ्याकडं बघत नव्हती. "ती थांबली. मत पण दिलं. मूठ थरथरत होती, फोनमध्ये दिसतंय. मी ते टाकलं पण. लोकांनी लिहिलं, आजी थकलेली वाटते."

म्हणजे बायको माझ्याकडं यायच्या आधी पंधरा मिनिटं. ही पोरगी सहा आठवडे हे पोटात घेऊन परीक्षा देत होती. आता कळलं तिला मशीनकडून काय म्हणवून घ्यायचं होतं. शेवटच्या भागावरचं मत नव्हतं ते, किंवा नुसतं तेच नव्हतं. तिच्याही तोंडात माझंच वाक्य होतं.

मी तिला सांगू शकलो असतो, वेडी आहेस, पंधरा मिनिटांनी काय होतं. पण मला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की आबा उगीच बोलतोय, आणि मग माझं कुठलंच बोलणं तिनं धरलं नसतं.

मी माझं सांगितलं. गॅस, भजी, सोडा, पेपर, दोन तास. सगळं. तिनं तोंडावर हात ठेवून ऐकलं.

"उद्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो. "ती डॉक्टरीण असेल. तिला विचारू. तुझी पंधरा मिनिटं आणि माझे दोन तास."

रात्री मुलाला फक्त एवढंच म्हणालो की उद्या नातीला घेऊन बाहेर जातोय. तो खूश झाला, पोरगी घराबाहेर पडतेय म्हणून.

दवाखान्यात बाकावर आम्ही दीड तास बसलो. नातीनं फोन घरी ठेवला होता, हातांना काय करावं तिला कळत नव्हतं. मी दोनदा उठून बाहेर जाऊन आलो. उठून निघून जावं असं पण वाटलं. नातीला म्हणावं, डॉक्टरीण सुट्टीवर आहे, आणि घरी जावं. मग आमचा नंबर आला.

डॉक्टरीण तेलुगू, वयानं लहान, तिला आम्ही आठवत नव्हतो. मी दिवस सांगितला तेव्हा तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मी हिंदीत विचारलं, सरळ. आधी पंधरा मिनिटं.

"नहीं," ती म्हणाली, नातीकडं बघून. "पंद्रह मिनट से कुछ नहीं होता था, बेटा. बिल्कुल नहीं."

"और दो घंटे?" मी विचारलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "दो घंटे पहले लाते तो हम कुछ कर सकते थे, अंकल. शायद. पक्का कोई नहीं बोल सकता."

मी तिचे आभार मानले. खुर्चीवरून उठताना नातीनं माझं कोपर धरलं.

बाहेर बसथांब्यावर ऊन फार होतं. नात माझ्या शेजारी उभी होती.

"आबा, डॉक्टर असंच म्हणणार, तुम्हाला आधीच माहीत होतं ना? तुमच्या दोन तासांचं?"

"अंदाज होता."

"मग कायकू आलात?"

"तुझी पंधरा मिनिटं विचारायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी बस येते त्या दिशेला बघत होतो. तिच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत होत नव्हती.